राल्फ हॉप्टन राजाकडे का गेला?

प्रश्न – माळवाट:
इंग्लंडच्या यादवी युद्धावर वाचतेय. खासदार राल्फ हॉप्टन 1641 मध्ये पार्लमेंटचं तक्रारपत्र घेऊन राजा चार्ल्सकडे गेला होता. पुढच्याच वर्षी तो राजाच्या बाजूने लढायला उभा! हे कसं?

उत्तर – जुनीपानं:
तक्रार करणं आणि राजावर शस्त्र उचलणं यात त्याच्या लेखी फार अंतर होतं. सैन्यभरतीचा अधिकार राजाकडून काढून घ्यायचं ठरलं, तिथे तो अडला. मला तो मनापासून आवडतो. समोरचा, म्हणजे पार्लमेंटचा सेनापती विल्यम वॉलर तर जुना मित्र, तरुणपणी दोघे युरोपात एकत्र लढलेले. जून 1643 मध्ये हॉप्टनने भेटीची विनंती केली. वॉलरने नकार दिला, पण शत्रूविना चाललेल्या या युद्धाचा मला तिटकारा आहे, असं लिहिलं. ते पत्र वाचताना अजून गलबलतं.

तीनच आठवड्यांनी, 5 जुलैला, बाथजवळ लॅन्सडाऊनला दोघे भिडले. दुसऱ्या दिवशी बंदुकीच्या दारूच्या गाडीचा स्फोट झाला. हॉप्टन भाजला, काही काळ दिसेनासं झालं.

माळवाट:
मग सैन्य कोणी सांभाळलं?

जुनीपानं:
त्यानेच, अंथरुणातून. डिव्हायझेस गावात त्याच्या सैन्याला वॉलरचा वेढा पडला, बंदुका पेटवायच्या वाती संपत आल्या. त्याने वातींसाठी घराघरांतल्या पलंगांच्या दोऱ्या जमवून राळेत उकळायला लावल्या. 13 जुलैला ऑक्सफर्डहून आलेल्या राजाच्या घोडदळाने जवळच्या राउंडवे डाऊन टेकडीवर वॉलरची फौज उधळली.

1646 मध्ये ट्रुरोला शरणागती, 1652 मध्ये ब्रुजला मृत्यू. मायदेशी परतला नाही.