लॅब्राडोरचं पिल्लू, ४ महिने, १५ किलो: ड्राय फूड किती ग्रॅम, आणि कॅल्शियमचं सिरप चालू ठेवावं का?

फोंडेकार

लॅब्राडोर नर, वय ४ महिने, वजन १५ किलो. सकाळी आणि रात्री स्टीलचा एक-एक पेला ‘लार्ज ब्रीड पपी’ असं लिहिलेलं ड्राय फूड. दुपारी शीत (शिजलेला भात) आणि उकडलेलं बोनलेस चिकन. निजायच्या आधी पेलाभर दूध. ज्यांच्याकडून पिल्लू आणलं त्यांनी कॅल्शियमचं सिरप दिवसातून दोनदा १०-१० मिलि द्यायला सांगितलंय. बाटलीवर ५ मिलिमध्ये २०० मिग्रॅ कॅल्शियम असं लिहिलंय.

फूडच्या पिशवीवरचे आकडे असे: प्रथिनं २८ टक्के, स्निग्धांश १४, तंतू ४, ओलावा १०, राख ८, कॅल्शियम १.३, फॉस्फरस १.०. कॅलरी कुठेच छापलेल्या नाहीत.

पुढचे पंजे थोडे पसरल्यासारखे आणि मनगटं खचल्यासारखी दिसतात. शेजारी म्हणतात हा मुडदूस, सिरप वाढवा. शी अधूनमधून पातळ होते. फूड नेमकं किती द्यायचं? सिरपचं काय करायचं? हे फूड बरं आहे का?

मांडवीकाठ

फूड बरं आहे. कॅलरी छापलेल्या नसल्या तरी पिशवीवरच्या आकड्यांवरून निघतात. १०० मधून प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख वजा करा: १०० - (२८+१४+४+१०+८) = ३६. ही पिष्टं. प्रथिनं आणि पिष्टांना ग्रॅममागे साडेतीन कॅलरी धरायच्या, स्निग्धांशाला साडेआठ. ९८ + ११९ + १२६ = ३४३, म्हणजे १०० ग्रॅममध्ये ३४३ कॅलरी.

आता पिल्लाची गरज. वजनाचा ०.७५ घात घ्यायचा आणि ७० ने गुणायचं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १५ चं वर्गमूळ दोनदा काढा, जो आकडा येईल त्याचा घन करा, ७.६२ येईल. गुणिले ७० म्हणजे ५३३. ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. चार महिन्यांच्या आत तिची तिप्पट धरतात, चार महिने उलटले की दुप्पट. तुमच्या पिल्लाला १०६७ कॅलरी, म्हणजे फक्त ड्राय फूड दिलं तर दिवसाला ३११ ग्रॅम. हा सुरुवातीचा आकडा आहे. पुढे पिल्लाच्या अंगावर हात फिरवून तो वरखाली करायचा.

पेल्याने मोजणं आजपासून सोडा. दाण्याचा आकार बदलला, पेला थोडा शिगोशीग भरला, की रोजचे वीस-तीस ग्रॅम कुठच्या कुठे जातात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा.

सिरप बंद करा. ३११ ग्रॅम फूडमधून ४.०४ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. सिरपचे ०.८ ग्रॅम धरले की ४.८४ होतात, म्हणजे १००० कॅलरींमागे ४.५४ ग्रॅम. मोठ्या जातींच्या, म्हणजे पूर्ण वाढल्यावर साधारण ३२ किलो किंवा जास्त भरणाऱ्या पिल्लांसाठी अमेरिकी मानकाची वरची मर्यादा ४.५ आहे. सिरप नसेल तर हेच फूड ३.८ वर बसतं, किमान ३ आणि कमाल ४.५ यांच्या अगदी मधोमध.

मर्यादा एवढी काटेकोर ठेवण्यामागे कारण आहे. मोठं कुत्रं जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवतं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते जमत नाही, जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंच रक्तात जातं. मग सांध्याजवळची कूर्चा हाडात नीट रूपांतरित होत नाही, आणि खांदा-कोपरातल्या दुखण्याचं मूळ तिथेच असतं.

साखळीचा वाटसरू

मांडवीकाठ यांचं गणित बरोबर आहे, पण ते नुसतं ड्राय फूड खाणाऱ्या पिल्लाचं आहे. हे पिल्लू शीतही खातं, चिकनही खातं. फोंडेकार, दुपारचं जेवण आणि पेल्यातलं फूड वजन करून सांगा. त्याआधी सिरप थांबवू नका.

फोंडेकार

मोजलं. पेल्यात ८० ग्रॅम, म्हणजे दोन वेळचे १६०. शिजलेलं शीत २५० ग्रॅम, शिजलेलं चिकन १०० ग्रॅम, दूध २०० मिलि.

साखळीचा वाटसरू

आता हिशेब बघा. फूड ५४९ कॅलरी, शीत ३२५, चिकन १६५, दूध सुमारे १२५. एकूण ११६४, गरजेपेक्षा शंभरेक जास्त. कॅल्शियम फूडमधून २.०८ ग्रॅम आणि दुधातून पाव ग्रॅमच्या आत-बाहेर. शीत-चिकनमध्ये ते नावापुरतंच. सगळं मिळून जेमतेम २.४, म्हणजे १००० कॅलरींमागे २. वाढत्या पिल्लाला किमान ३ लागतं. सिरप धरूनसुद्धा तुमचं पिल्लू २.७ वरच आहे.

म्हणजे पोट भरतंय, कॅलरी जास्तच जातायत, आणि कॅल्शियम कमी पडतंय. बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटीहून अधिक असतो. असं ताट महिनोन्महिने चाललं तर शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडातून ते काढत राहतं, हाडं पातळ होतात आणि साध्या उडीनेही मोडू शकतात. ‘घरचं ताजं चिकन-भात’ खाणाऱ्या पिल्लांना नेमका हा धोका असतो. तरी उपाय सिरप वाढवणं हा नव्हे. शीत-चिकनने पातळ झालेल्या ताटात कॅल्शियमबरोबर जस्त, तांबं, आयोडीन आणि ड जीवनसत्त्वही कमी पडतं, आणि ते सिरपने भरून येत नाही. ताटच बदला.

दूध उद्यापासून बंद. पातळ शीचं कारण बहुधा तेच असेल. फूड दर दोन दिवसांनी ४० ग्रॅमने वाढवा: २००, मग २४०, मग २८०. त्याच वेळी शीत-चिकन कमी करा. २०० ग्रॅम फूडला शीत १८० आणि चिकन ८०, २४० ला शीत १०० आणि चिकन ५०. या टप्प्यावर ताट स्वतःच्या बळावर ३ ग्रॅमला पोचतं, तेव्हा सिरप थांबवा. शेवटी २८० ग्रॅम फूड, शीत ४५ ग्रॅम, चिकन ३० ग्रॅम. एकूण १०६८ कॅलरी आणि १००० कॅलरींमागे कॅल्शियम ३.४ ग्रॅम. वरचं काहीही एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे नको. त्यात बिस्किट, चहात बुडवलेल्या पोयचा (पावाचा) तुकडा, शिकवताना दिलेला खाऊ सगळं आलं. खाऊ म्हणून त्याच २८० ग्रॅममधले दाणे बाजूला काढून वापरा.

जेवणं सहा महिन्यांपर्यंत तीन, ९५-९०-९५ अशी. पुढे दोन. दिवसातून एकदाच भरपूर घालायची सवय या जातींना लावू नका. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ बसण्याचा धोका त्याने वाढतो.

मांडवीकाठ

साखळीकरांचं बरोबर. ताट न विचारता सिरप बंद करा म्हणणं चुकलं, माझं वरचं उत्तर फक्त पूर्ण ड्राय फूडवरच्या पिल्लाला लागू धरा.

बार्देशचा पशुवैद्य

पंजांबद्दल. तीन-चार महिन्यांच्या जड पिल्लांत मनगट खचणं आणि पंजे पसरणं बऱ्याचदा दिसतं, आणि बहुतेकदा तो मुडदूस नसतो. मुडदूस ड जीवनसत्त्वाच्या किंवा फॉस्फरसच्या कमतरतेतून येतो आणि पूर्ण आहार घेणाऱ्या पिल्लात विरळा. इथे जास्त वजन, वाढलेली नखं आणि गुळगुळीत फरशी ही नेहमीची कारणं. गोव्यातल्या नव्या घरांत सगळीकडे चकचकीत टाइल्स. पिल्लू उठताना पुढचे पाय बाहेर सरकतात ते एकदा खाली बसून, त्याच्या नजरेच्या उंचीवरून बघा: पंजा टेकतो, बोटं फाकतात, मनगट आत वळतं. दिवसात शंभरदा हेच. जेवायच्या आणि झोपायच्या जागी रबरी चटया घाला, नखं कापा, रोज परसात मातीवर मोकळं सोडा. आहार सुधारल्यावर काही आठवड्यांत फरक दिसायला हवा. मात्र या पिल्लाचं ताट खरंच कमी कॅल्शियमचं होतं, त्यामुळे सिरप थांबवण्याआधीच एकदा तपासून घ्या. हाडं दुखत असतील तर एक्स-रे लागेल.

पुढचं काही दिसलं तर मात्र थांबू नका: मनगटाच्या लगेच वर गरम सूज आणि ताप, दोन-तीन दिवसांहून जास्त लंगडणं, किंवा आज एक पाय आणि पुढच्या आठवड्यात दुसरा असं लंगडणं. सोबत अंगावर गोचीड सापडली तर ताप गोचिडीचाही असू शकतो, रक्त तपासावं लागतं.

वजन दर आठवड्याला एकाच वेळी घ्या: आधी पिल्लाला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. पण निर्णय हाताने घ्या. तळहात पालथा धरून बोटांच्या सांध्यांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा, बरगड्या तशा लागायला हव्यात. मूठ आवळल्यावर सांधे टोचतात तशा लागल्या तर पिल्लू बारीक, दाबूनच सापडत असतील तर जाड. वरून पाहताना कंबर आत दिसावी. जाड वाटलं तर फूड ५ ते १० टक्क्यांनी कमी करा आणि दोन आठवडे थांबा. महिन्याने वजन २० किलो झालं की गरज १३२४ कॅलरी होते, तेव्हा गणित नव्याने मांडा. निर्बीजीकरणानंतर गरज बरीच घटते, तेव्हा तर नक्कीच.

‘गुटगुटीत लॅब’ लोकांना आवडतो, पण वाढत्या सांध्यांना तो भार सोसत नाही. लॅब्राडोरच्या २४ जोड्यांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं होतं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२, आणि खुब्याचा संधिवातही त्यांच्यात उशिरा आणि कमी. पिल्लू हळू वाढलं तर अंतिम उंची घटत नाही, फक्त तिथे पोचायला वेळ लागतो. प्रथिनांना घाबरू नका, २८ टक्के ठीक आहे. पपी फूड १२ ते १५ महिन्यांपर्यंत चालू ठेवा.

फोंडेकार

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उद्या डॉक्टरांकडे नेतो. एक राहिलं: घरात नुस्ते (मासे) रोज असतं. बांगड्याचं डोकं, तारली, हुमणात (माशाच्या आमटीत) कालवलेलं शीत? आणि पावसात फूडची पिशवी मऊ पडते.

साखळीचा वाटसरू

हुमण नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवूनही फरक पडत नाही. सुकी मासळी मिठामुळे नको. तारली कच्ची देऊ नका, तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. साध्या पाण्यात शिजवून, मधला काटा आणि बारीक काटे काढून, ३० ग्रॅम चिकनच्या जागी कधीतरी तारली किंवा बांगडा चालेल. डोकी आणि शिजवलेली कोंबडीची हाडं नाहीत, ती घशात आणि आतड्यात टोचतात.

पिशवीचं म्हणाल तर २८० ग्रॅमच्या हिशेबाने १० किलोची पिशवी ३५ दिवस पुरते. स्वस्त पडते म्हणून २० किलोची घेऊ नका, उघडल्यावर चार-सहा आठवड्यांत संपायला हवी. दाणे पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, जमिनीपासून वर. डब्यात सुटे ओतले तर तळाचा चुरा आणि तेल खवट होतं आणि पुढच्या पिशवीला लागतं. दुकानात गोणीतून सुटं विकतात ते पावसाळ्यात अजिबात घेऊ नका. कुबट वास आला किंवा दाण्यावर करडा थर दिसला तर पूर्ण पिशवी टाका, वरचे दाणे काढून चालत नाही. बुरशीचं विष यकृतावर जातं आणि शिजवल्यानेही जात नाही.