दिवाळी अंकाचे वेळापत्रक: एक लेख लांबला की सगळ्या तारखा का घसरतात?

प्रश्न (अक्षरजुळणी)

नमस्कार. आम्ही चौघे जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून २०८ पानांचा दिवाळी अंक काढतो. गेल्या वर्षी तो वसुबारसेच्या आदल्या दिवशी विक्रेत्यांकडे पोहोचला आणि तोवर बहुतेक वाचकांची अंकखरेदी उरकली होती. यंदा (२०२६) तसे होऊ नये म्हणून, कामांचे वेळापत्रक पट्ट्यांच्या तक्त्यात दाखवणाऱ्या गँटप्रोजेक्ट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लेखांपासून बांधणीपर्यंतची सगळी कामे भरली. लेख, संपादन, अक्षरजुळणी, दोन प्रुफे, मांडणी, छपाई, बांधणी अशी प्रत्येक कामाची एक पट्टी केली आणि एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडला. अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर गेले असल्याने गेल्या वर्षीच्या तारखा १८ दिवस पुढे सरकवून घेतल्या.

अंक दसऱ्याच्या आधी, म्हणजे २० ऑक्टोबरपूर्वी, बाजारात यावा अशी इच्छा आहे. मात्र एका ज्येष्ठ लेखकांनी लेखाला बारा दिवस उशीर होईल असे कळवले आणि ती तारीख भरताच बांधणी १६ ऑक्टोबरवरून थेट २८ ऑक्टोबरवर गेली. इतर सव्वीस लेख तयार असताना एका लेखासाठी सगळा अंक अडून राहतो, हे मनाला पटत नाही. आमची मांडणी चुकली आहे का? आणि प्रत्येक कामाला दोन-दोन दिवस जास्तीचे धरून ठेवावेत का?

उत्तर १ (फर्मा सोळा)

सॉफ्टवेअरने आपण सांगितले तेच केले. ‘सर्व लेख’ ही एक पट्टी आणि ‘सर्व संपादन’ ही दुसरी, असे लिहिल्यावर शेवटचा लेख येईपर्यंत संपादनाला हात लावायचा नाही, असाच त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात आपण तसे काम करत नसणार. मी बरीच वर्षे छपाईच्या धंद्यात काढली आहेत. तिथे अंकाचा हिशेब लेखांनी होत नाही, फर्म्यांनी होतो; फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा. सोळा पानी फर्मा धरला तर आपल्या २०८ पानांचे १३ फर्मे होतात. पट्ट्या कामांनुसार न करता फर्म्यांनुसार कराव्यात आणि प्रत्येक फर्म्याखाली संपादन, प्रुफे, मांडणी, छपाई अशी स्वतंत्र साखळी जोडावी. दुसरा फर्मा यंत्रावर असताना पाचव्याचे प्रूफ वाचले जात असते. सगळे फर्मे हाताशी असल्याखेरीज सुरू होत नाही अशी खरी अट एकट्या बांधणीची आहे.

उशिराचा लेख बाराव्या फर्म्यात टाकावा आणि लेखकांकडून पानांचा अंदाज आजच घ्यावा. लेख अर्धे पान कमी भरला तर त्यामागे बसवायला एखादे व्यंगचित्र किंवा कविता तयार ठेवावी, म्हणजे तेराव्या फर्म्याचे पृष्ठांक हलणार नाहीत. नवख्या मंडळींच्या हमखास नजरेतून सुटणारी एक गोष्ट सांगतो. अनुक्रमणिका पहिल्या फर्म्यात असते आणि तिला सगळ्या लेखांचे पृष्ठांक लागतात, म्हणून पहिला फर्मा छपाईला शेवटी जातो. आपल्या तक्त्यात तो पहिला असेल, तर ती जोडणी आधी उलटवावी.

उत्तर २ (पंचांगवाले)

वरील उत्तराशी सहमत आहे, पण १८ दिवस सरसकट सरकवण्याला माझी हरकत आहे. सण सरकले तरी इंग्रजी तारखांच्या सुट्ट्या जागच्या जागीच राहतात. २०२५ मध्ये दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला, होती. यंदा त्या दोन वेगळ्या सुट्ट्या आहेत. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरवर आल्याने छापखान्यातली गणपतीची रजा आता नेमकी आपल्या प्रुफांच्या दिवसांत येते. सुट्ट्यांची यादी कोरी करून नव्याने भरावी.

आठवड्याच्या सुट्टीचेही तसेच आहे. शनिवार-रविवार बंद हे गृहीत कचेरीला शोभते, पण आपल्या चौघांचे खरे काम रविवारीच होत असेल, आणि छापखाना पुण्याकडचा असेल तर तो बहुधा गुरुवारी बंद असतो. शिवाय हे सॉफ्टवेअर पूर्ण दिवसच मोजते. संध्याकाळचे दोन तास त्याला कळत नाहीत. त्यामुळे घरच्या कामाची लांबी तासांत न धरता ‘किती संध्याकाळी’ अशी धरावी.

जास्तीचे दिवस प्रत्येक कामात पेरू नयेत. दोन दिवस हाताशी आहेत हे माहीत असलेला माणूस दोन दिवस उशिराच सुरुवात करतो. मी स्वतः करतो. ते सगळे दिवस एकत्र करून बांधणीच्या आधी ‘राखीव’ नावाची एकच पट्टी ठेवावी आणि दर रविवारी तिच्यातले किती खर्च झाले ते पाहावे.

उत्तर ३ (समासातली टीप)

काही संपादक लेखकांना खऱ्या मुदतीच्या पंधरा दिवस आधीची तारीख सांगतात. तोही राखीव दिवसांचाच प्रकार आहे आणि मला तो पसंत नाही. एका अंकाने माझ्याकडून अशीच घाईघाईने कथा घेतली आणि त्यानंतर महिनाभर ती तशीच पडून असल्याचे मला कळले. पुढच्या वर्षी त्यांची तारीख मी गंभीरपणे घेतली नाही, हे कबूल करते. लेखकाला फर्म्याची तारीख सरळ सांगावी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (अक्षरजुळणी)

सर्वांचे आभार. दोन रात्री बसून तक्ता फर्म्यांनुसार नव्याने मांडला, पहिला फर्मा छपाईत शेवटी नेला आणि सुट्ट्या दुरुस्त केल्या. उशिराचा लेख आता बाराव्या फर्म्यात सुखाने बसतो आणि त्याच्यामुळे बांधणी एका दिवसानेही हलत नाही.

मात्र वेगळेच काहीतरी उघडे पडले. कामांपुढे माणसांची नावे भरल्यावर मनुष्यबळाच्या तक्त्यात माझ्या नावापुढचा जवळपास सगळा सप्टेंबर लाल झाला, म्हणजे झेपेल त्याहून जास्त काम माझ्या वाट्याला आले होते. दुसरे प्रूफ अंकभर मी एकटाच वाचतो; फर्म्याला दोन संध्याकाळी, म्हणजे १३ फर्म्यांना २६ संध्याकाळी. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या लेखांत ‘ऱ्या’चे ‘र्या’ होते, तसा एखादा लेख फर्म्यात असला की तिसरी संध्याकाळही जाते. गेल्या वर्षीचा उशीर मी लेखकांच्या माथी मारत होतो. जुनी प्रुफे काढून त्यांवरच्या माझ्याच तारखा पाहिल्यावर तसे बोलण्याची सोय राहिली नाही. आता पाच फर्मे बाहेरच्या मुद्रितशोधकाकडे द्यावेत असा विचार आहे, पण शुद्धलेखनाची एकसारखी धाटणी कशी राखावी?

उत्तर ४ (फर्मा सोळा)

‘एखादा’ की ‘एकादा’, ‘नाटककार’ की ‘नाटककर्ता’, आकडे अंकी की अक्षरी, असे आपल्या अंकापुरते ठरलेले निर्णय एका पानावर लिहून मुद्रितशोधकाकडे द्यावेत. त्यांना सलग पाच फर्मे द्यावेत, विखुरलेले नकोत. म्हणजे एकच लेख दोघांच्या हातांतून जाणार नाही. आणि आजचा तक्ता मूळ प्रत म्हणून सॉफ्टवेअरमध्ये जतन करून ठेवावा. नोव्हेंबरात प्रत्यक्षातल्या तारखा तिच्याशेजारी ठेवता येतील आणि पुढच्या वर्षी अंदाजाने दिवस धरावे लागणार नाहीत.