वॉटसनच्या हातून सुटलेला पास: रॉजर्सला गुण द्यायचे की नाही?

गोठलेलं मैदान

11 सप्टेंबर 2022, मिनियापोलिस. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला, हंगामातला पहिलाच सामना, आमचे ग्रीन बे पॅकर्स विरुद्ध मिनेसोटा वायकिंग्ज. वायकिंग्जनी पहिल्याच चढाईत टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) ठोकून 7-0 केलेलं. पॅकर्सचा चेंडू स्वतःच्या 25 यार्डांच्या रेषेवर. पहिलाच प्ले (चाल) आणि क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, ॲरन रॉजर्स थेट लांब फेकतो. रुकी (पहिल्याच हंगामातला) रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, ख्रिश्चन वॉटसन याने पॅट्रिक पीटरसनसारख्या मुरलेल्या कॉर्नरला (पास अडवणाऱ्या बचावपटूला) मागे टाकलेलं, पुढे मैदान मोकळं. चेंडू येतो, हाताला लागतो आणि खाली पडतो. 75 यार्डांचा टचडाउन गेला. सामनाही गेला, 23-7.

वॉटसनने तो घ्यायलाच हवा होता, यावर वाद नाही. वाद त्या पासबद्दल आहे. आमच्या ग्रुपमध्ये अजून कोणीतरी म्हणतंच, "एवढ्या मोकळ्या माणसाला कोणीही फेकेल, त्यात रॉजर्सचं काय कौतुक?" मला हे अजिबात पटत नाही. वॉटसन 40 यार्ड 4.36 सेकंदांत धावणारा गडी. तो पूर्ण वेगात असताना चेंडू दोन-अडीच सेकंद हवेत राहिला, तर तेवढ्यात हा वीस-पंचवीस यार्ड पुढे गेलेला असतो. म्हणजे क्वार्टरबॅक माणसाकडे फेकतच नाही, तो रिकाम्या गवतावर फेकतो आणि माणूस तिथे पोचेल असा हिशेब करतो. चेंडू आखूड पडला तर रिसीव्हरला थांबावं लागतं आणि मागचा कॉर्नर गाठतो. लांब पडला तर विषयच संपला. इथे वॉटसनला ना थांबावं लागलं, ना झेपावावं लागलं. धावता धावता चेंडू हातात. माझ्या वहीत पूर्ण गुण.

पर्पल मावळा

वायकिंग्जचा चाहता म्हणून आधी एक आठवण करून देतो. हा वॉटसन तुम्ही ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) 34 व्या क्रमांकावर घेतलात तो आमच्याशीच सौदा करून. 53 आणि 59 असे दोन पिक (निवडीचे हक्क) दिलेत आम्हाला. तेव्हा त्या सुटलेल्या झेलाबद्दल आमच्याकडून मनापासून आभार.

आता मुद्दा. रॉजर्स तेव्हा चार वेळचा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू). त्यातले शेवटचे दोन लागोपाठ, 2020 आणि 2021 चे. अशा माणसाने मोकळ्या रिसीव्हरला नीट पास दिला तर त्याला गुण कसले? ते त्याचं रोजचं काम. गुण द्यायचेच तर पीटरसनला चकवणाऱ्या वॉटसनच्या पायांना द्या, तो प्ले रचणाऱ्या प्रशिक्षक मॅट लाफ्लरला द्या. क्वार्टरबॅकची परीक्षा दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत होते, माळरानावर नाही.

उसळपाव

माळरानावर नाही? सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) 54, फेब्रुवारी 2020. फोर्टीनाइनर्स 24-20 ने मागे, दीड मिनिटाच्या आसपास वेळ बाकी, थर्ड अँड 10 (तिसरा प्रयत्न, 10 यार्ड हवेत). इमॅन्युएल सँडर्स बचावाच्या मागे निघून गेलेला आणि क्वार्टरबॅक गरोपोलोने चेंडू त्याच्या डोक्यावरून पलीकडे घातला. चीफ्स 31-20 ने जिंकले. मोकळा माणूस, सुपर बोल हातात, आणि पास चुकला. एवढं सोपं असतं तर गरोपोलोचा पुतळा उभा राहिला असता सॅन फ्रान्सिस्कोत.

पर्पल मावळा

@उसळपाव, तुम्ही माझंच काम केलंत. गरोपोलोला आपण आजही का धरतो? कारण तो पास बसायलाच हवा होता. चुकला तर गुन्हा, बसला तर कर्तव्य. दोन्ही बाजूंना सारखं वजन नसतं. म्हणून रॉजर्सला शून्य. उणे नाही, पण अधिकही नाही.

आकडेमोड

थोडं मापाचं बोलू. "मोकळा" हा आता नुसता डोळ्याचा अंदाज राहिलेला नाही. एनएफएलच्या नेक्स्ट जेन स्टॅट्सवाल्यांनी खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये चिप बसवल्या आहेत, चेंडूतही आहे. पास पोचतो त्या क्षणी रिसीव्हर आणि सगळ्यात जवळचा बचावपटू यांच्यात किती यार्ड अंतर आहे ते कळतं. एक यार्डाहून कमी असेल तर "टाइट विंडो". त्यावरून पास पूर्ण होण्याची शक्यता काढतात. पण त्या गणितात अंतराबरोबर चेंडू हवेत किती यार्ड जाणार हेही येतं. म्हणून मावळ्यांचं "माळरान" अर्धंच खरं. रिसीव्हर मोकळा असला तरी लांबी वाढली की शक्यता घसरते.

आता गंमत बघा. अधिकृत स्कोअरशीटमध्ये या पासची नोंद काय? अपूर्ण. शून्य यार्ड. ड्रॉप ही एनएफएलची अधिकृत नोंदच नाही. पासर रेटिंगच्या (क्वार्टरबॅकच्या पासेसच्या गुणांकाच्या) सूत्राला विचाराल तर रॉजर्सने हा चेंडू प्रेक्षकांत भिरकावला असता तरी फरक पडला नसता. उलट प्रो फुटबॉल फोकसवाले प्रत्येक प्लेला उणे दोन ते अधिक दोन असे गुण देतात, अर्ध्या अर्ध्याच्या पायऱ्यांनी, आणि रिसीव्हरने सोडला तरी चांगल्या पासचे गुण क्वार्टरबॅकला मिळतात. एकाच पासचे दोन हिशेब. मी दुसऱ्या हिशेबाच्या बाजूचा. रॉजर्सला अधिक, वॉटसनला उणे.

शेंडेफळ

क्रिकेटवाल्यांना हे समजवायला लागू नये. स्लिपमध्ये झेल सुटला म्हणून आउटस्विंगर वाईट ठरतो का?

तिरकस

@शेंडेफळ, टाळ्या मिळतील, पण उपमा लंगडी आहे. गोलंदाज चेंडू टाकतो तो फलंदाजाला फसवायला. स्लिपवाला झेल घेईल की नाही याचा विचार करून तो टप्पा ठरवत नाही. क्वार्टरबॅक मात्र स्वतःच्याच माणसासाठी फेकतो. समोरचा कोण आहे, त्याचे हात कसे आहेत, किती सराव झालाय, हे सगळं त्या पासचाच भाग. माझा आक्षेप तिथेच आहे. पास सुंदर होता, मान्य. पण तो कोणासाठी होता?

त्या वर्षीची परिस्थिती आठवा. मार्चमध्ये पॅकर्सचा मुख्य रिसीव्हर दावांते ॲडम्स रेडर्सकडे गेला. ॲलन लझार्ड या सामन्यात दुखापतीमुळे बाहेर. वॉटसनची उन्हाळ्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, सराव शिबिराचा बराचसा भाग बुडालेला. आला कुठून, तर नॉर्थ डकोटा स्टेटमधून. तिथला सगळा खेळ जमिनीवरचा, धावत नेण्याचा. कॉलेजात असतानाही त्याच्या हातांबद्दल शंका होत्याच. आणि ऑगस्टमध्ये खुद्द रॉजर्सने तरुण रिसीव्हरांना पत्रकारांसमोर सुनावलं होतं, पास सोडताय, धावण्याच्या वाटा चुकताय म्हणून. महिन्याभरापूर्वी ज्यांच्यावर भरवसा नव्हता त्यांतल्याच एकाला, हंगामाच्या पहिल्या प्लेवर, गोंगाटाने भरलेल्या बंदिस्त स्टेडियममध्ये, आयुष्यातल्या पहिल्या खऱ्या सामन्यात असा पास? पोराच्या छातीत काय धडधड चालू असेल! फेक दहापैकी दहा, निर्णय दहापैकी पाच.

गोठलेलं मैदान

@तिरकस, आतापर्यंतचा सगळ्यात वजनदार आक्षेप, पण मला उलटं दिसतं. त्या दिवशी बख्तियारी आणि एल्गटन जेन्किन्स, दोघेही खेळत नव्हते. क्वार्टरबॅकला सांभाळणाऱ्या आक्रमक फळीची दोन्ही टोकं पडकी. अशा फळीमागे उभं राहून दहा-दहा, बारा-बारा प्लेंच्या चढाया करायच्या म्हणजे सॅक (फेकण्याआधीच क्वार्टरबॅक खाली) आणि होल्डिंगला (पकडण्याच्या दंडाला) आमंत्रण. एका प्लेमध्ये 75 यार्ड मिळत असतील तर ते घ्यायचेच. आणि निर्णय चुकीचा होता म्हणता, पण तो गडी मोकळा सुटला ना? निर्णयाने जे मागितलं ते मैदानाने दिलं. मग फेकायचा नाही तर काय, "बाळा, तुझा सराव कमी आहे" म्हणून बाजूला चार यार्डांचा पास टाकायचा? तसं केलं असतं तर आज याच धाग्यावर तुम्ही लिहिलं असतं की रॉजर्स घाबरला.

तिरकस

लिहिलं असतं. चाहत्याला दोन्ही हक्क असतात.

मोरपीस

मी पेट्रियट्सवाली, या भांडणात माझा कोणी नाही. पण पूर्ण गुण, शून्य गुण असं चाललंय, त्यात एक मधली जागा हरवतेय. सुपर बोल 46 मधला वेस वेल्करचा प्रसंग घ्या, फेब्रुवारी 2012. पेट्रियट्स 17-15 ने पुढे, चारेक मिनिटं बाकी, वेल्कर मोकळा. क्वार्टरबॅक ब्रेडीचा पास थोडा उंच आणि मागच्या खांद्याकडे गेला. वेल्करला उलटं वळून उडी मारावी लागली, चेंडू हातांना लागून गेला. जायंट्स 21-17 ने जिंकले. आजही निम्मे लोक म्हणतात वेल्करने सोडला, निम्मे म्हणतात ब्रेडीने वाकडा टाकला. मला विचाराल तर दोघांचेही गुण कापले पाहिजेत.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. चेंडू घेण्यासाठी रिसीव्हरला धावण्याची लय मोडावी लागली का? वेल्करला लागली. वॉटसनला नाही. ती फीत सावकाश लावून बघा. तो खांद्यावरून चेंडू येताना बघतो, पाय तसेच चालू, हात पुढे. हात जागेवर आहेत, बोटं मिटत नाहीत एवढंच. असा चेंडू देणं हे "रोजचं काम" असेल, तर मावळ्यांनी मला सांगावं की हे रोजचं काम रोज करणारे कितीजण आहेत लीगमध्ये.

पर्पल मावळा

@मोरपीस, कसोटी चांगली आहे, उचलतो. पण तिच्याने तुम्ही एवढंच सिद्ध केलंत की ब्रेडीचा पास सदोष होता आणि रॉजर्सचा निर्दोष. निर्दोष म्हणजे असामान्य नव्हे. बत्तीस संघांच्या पहिल्या क्वार्टरबॅकांना हा पास दहा-दहा वेळा टाकायला लावा, बहुतेक सगळे बहुतेक वेळा बसवतील.

आणि मोकळा रुकी बघायचाच असेल तर आमचा 1998 चा रँडी मॉस बघा. रुकी वर्षात 17 टचडाउन झेलले, त्यातले दोन तुमच्या ग्रीन बेमध्येच, सोमवारच्या रात्री. तेव्हा आमच्या क्वार्टरबॅक रँडल कनिंगहॅमच्या पासेसचं विच्छेदन करत कोणी बसलं नव्हतं. चेंडू वर टाकायचा, मॉस जाऊन आणायचा.

आकडेमोड

@पर्पल मावळा, म्हणजे मॉसने आणला की श्रेय मॉसला आणि वॉटसनने सोडला की रॉजर्सला शून्य. क्वार्टरबॅकला तुमच्या राज्यात पगार तरी मिळतो का?

उसळपाव

या भांडणात सगळे एक विसरताय. सामन्यानंतर रॉजर्सने पोराला झोडपलं नाही, या पोरांना वेळ द्यावा लागेल असाच त्याचा सूर होता. पुढे नोव्हेंबरच्या 13 तारखेला डॅलसविरुद्ध सुरुवातीला वॉटसनच्या हातून पुन्हा पास सुटले आणि तरी रॉजर्स त्याच्याकडेच फेकत राहिला. त्या दिवशी वॉटसनचे तीन टचडाउन, पैकी एक 58 यार्डांचा आणि वर कोलांटउडी. 28-14 ने मागे असलेला संघ ओव्हरटाइममध्ये 31-28 ने जिंकला. तिरकसरावांचा "निर्णय पाच गुणांचा" त्या दिवशी किती गुणांचा झाला?

तिरकस

पाचच. नोव्हेंबरमधला वॉटसन सप्टेंबरच्या वॉटसनला उसना देता येत नाही. दोन महिन्यांत त्याने सराव केला, सामने खेळला, पास सोडले, शिव्या खाल्ल्या. डॅलसविरुद्धचा निर्णय आठ गुणांचा. आणि त्या हंगामात तुम्ही 8-9 (8 विजय, 9 पराभव) वर संपलात, शेवटच्या सामन्यात घरच्या मैदानावर लायन्सकडून हरून प्लेऑफबाहेर. पहिल्या रविवारचे ते सात गुण... असो.

गोठलेलं मैदान

@पर्पल मावळा, एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. डॅलसविरुद्धचा तो 58 यार्डांचा पास वॉटसनने घेतला तेव्हा रॉजर्सला किती गुण दिलेत?

पर्पल मावळा

सामना बघितला नाही. त्याच दिवशी आमचा बफेलोशी होता. ओव्हरटाइममध्ये 33-30 ने जिंकलो आणि जस्टिन जेफरसनने एका हाताने घेतलेल्या त्या झेलाच्या वेळी पास कसा होता हे मलाच काय, आमच्या तेव्हाच्या क्वार्टरबॅक कर्क कझिन्सलाही कोणी विचारलं नाही.