जॅझ ऐकण्याची सुरुवात कोठून करावी?

मूळ लेखन

ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला जॅझची ओळख करून घ्यायची असेल, तर त्याने ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ मधील 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेतील पहिल्याच रचनेपासून, म्हणजे 'सो व्हॉट'पासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. पियानो आणि बास यांची संथ, लय न धरलेली सुरुवात संपली की बासवर मुखडा येतो आणि त्याच्या प्रत्येक तुकड्याला दोनच स्वरमेळांचे (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांचे) ठाशीव उत्तर मिळते. स्वर आपल्या काफी थाटाचे, गंधार आणि निषाद कोमल. पुढे बत्तीस मापांचे (एक माप म्हणजे चार मात्रा) आवर्तन फिरत राहते: सोळा मापे एका षड्जावर, मग आठ मापांपुरता षड्जच अर्ध्या स्वराने वर चढतो आणि शेवटच्या आठ मापांना पुन्हा मूळ जागी येतो. नवख्या श्रोत्याने ही एकच रचना दहा वेळा ऐकावी, आणि पहिल्या काही वेळा षड्ज केव्हा सरकतो एवढ्याकडेच कान द्यावेत. ते कळू लागले की डेव्हिस आणि त्यांचे सॅक्सोफोनवादक साथीदार कोल्ट्रेन व ॲडर्ली एकाच चौकटीत किती निरनिराळे बोलतात, हे आपोआप उमगते.

प्रतिसाद १

मी याच्याशी असहमत आहे. काफी थाटाचे स्वर लागले म्हणजे काफी राग झाला नाही, हे आपल्यालाही मान्य असेल. तेथे वादी-संवादी नाही, पकड नाही, आणि जो षड्ज तंबोऱ्यात अढळ असतो तोच तेथे सरकतो. ओळखीच्या खुणा शोधत गेलेला श्रोता नेमके अनोळखी तेवढे गाळून ऐकतो, असा माझा अनुभव आहे. शिवाय 'काइंड ऑफ ब्लू'मधील मोकळेपणा हा त्याआधीच्या दाटीला दिलेला प्रतिसाद होता. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांचे १९४५ मधील 'को-को' आणि त्यातील भरधाव बदलणारे स्वरमेळ ज्याने ऐकलेच नाहीत, त्याला डेव्हिस यांनी काय सोडून दिले हे कसे कळणार?

माझ्या मते ट्रम्पेटवादक व गायक लुई आर्मस्ट्राँग यांच्या १९२८ मधील 'वेस्ट एंड ब्लूज'पासून सुरुवात करावी. रचना जेमतेम सव्वातीन मिनिटांची आहे. सुरुवातीची एकट्या ट्रम्पेटची ती झेप, पुढे क्लॅरिनेटला शब्दांवाचून गळ्याने दिलेली साथ, अर्ल हाइन्स यांचा पियानो, आणि शेवटच्या आवर्तनात जवळजवळ चार मापे रोखून धरलेला उंच स्वर! ब्लूज या गानप्रकाराचे बारा मापांचे आवर्तन आणि झुलती लय, हा जॅझचा पाया येथे उघडा दिसतो.

प्रतिसाद २

आपण दोघेही आपले कान अगदीच कोरे आहेत असे धरून चालला आहात. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा ताफा घेतला, आणि चिक चॉकलेट हे आर्मस्ट्राँग यांचेच चाहते होते. ती गाणी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली आहेत. त्यांतील ट्रम्पेटपासून आर्मस्ट्राँगपर्यंतचा रस्ता मला सर्वांत जवळचा वाटतो.

मूळ लेखकाचे उत्तर

षड्जाचा मुद्दा मला मान्य आहे. पण मी 'सो व्हॉट' सुचवतो ते ती रागासारखी आहे म्हणून नव्हे, तर साम्य नेमके कोठे तुटते ते तिच्यात स्पष्ट ऐकू येते म्हणून. षड्ज अढळ धरून ऐकणाऱ्यालाच तो सरकल्याचा धक्का बसतो. इतिहासाच्या क्रमाने ऐकावे हे मात्र मला अजूनही पटत नाही, कारण जुन्या मुद्रणाची खरखर ऐकून अनेक जण पहिल्याच मिनिटाला थांबतात. तरीही आपल्या सांगण्यावरून 'वेस्ट एंड ब्लूज'मधील तो लांबलेला स्वर मी काल रात्री चार वेळा ऐकला. ट्रम्पेट जागचा हलत नाही आणि खालची लय मात्र चालतच राहते, हे चौथ्या वेळी प्रथम जाणवले.