मदत हवी आहे: सॅली-ॲन चाचणीत निम्मी मुलं चुकली. हे अंदाजपंचे समजायचं का?

पाटीपेन्सिल:
पदव्युत्तर प्रकल्पासाठी साडेतीन ते साडेचार वर्षांच्या २० मराठी भाषक मुलांची प्राथमिक फेरी घेतली आहे. सॅली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते, ॲन ती खोक्यात हलवते, सॅली परत येते. मग एकच प्रश्न: "सॅलीला गोटी कुठे सापडेल?" १० मुलं टोपली म्हणाली (अपेक्षित उत्तर हेच, कारण गोटी हलवल्याचं सॅलीला माहीत नाही), १० खोका.
हा निव्वळ तुक्का आहे का? चुकलेल्या मुलांना 'दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही' असं लिहिता येईल का? आणि डोळ्यांच्या फोटोंची चाचणी (नुसते डोळे बघून मनातली भावना ओळखायची) सोबत घ्यावी, असं सुचवलं गेलंय. घ्यावी का?

आडवी_ओळ:
आकडे बाजूला ठेवा, आधी प्रश्न बघा. "कुठे सापडेल?" याचं खरं उत्तर खोका हेच आहे! गोटी तिथेच आहे, तिथेच सापडणार. म्हणजे खोका म्हणणारं मूल कदाचित तुमच्यापेक्षा काटेकोर मराठी बोलतंय. "कुठे बघेल?" हेही नको, कारण परत आलेली सॅली ॲनकडेही बघू शकते. "सॅली गोटी कुठे शोधेल?" असं विचारा. सीगल आणि बीटी यांनी १९९१ मध्ये "सर्वांत आधी कुठे शोधेल?" असं विचारलं, तेव्हा तीन वर्षांची बरीच मुलं सुधारली. तो शब्द वापरायचा तर सगळ्यांनाच वापरा, अधूनमधून नको.

दुसरी मोठी उणीव म्हणजे पडताळणीचे प्रश्न नाहीत. बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांच्या १९८५च्या मांडणीत सुरुवातीला बाहुल्यांची नावं विचारून खात्री केली जाते. मग समजुतीचा प्रश्न, म्हणजे सॅली गोटी कुठे शोधेल, आणि त्यानंतर "गोटी खरोखर कुठे आहे?" आणि "सुरुवातीला गोटी कुठे होती?" या शेवटच्या दोहोंपैकी एक जरी चुकला, तर समजुतीच्या प्रश्नाचं उत्तर मोजायचं नाही, मग ते बरोबर असो वा चूक. गोष्टच लक्षात राहिली नसेल तर सॅलीच्या मनाचा प्रश्न कुठून येणार?

त्याच अभ्यासात दुसरी फेरीही आहे. तिच्यात गोटी खोक्याऐवजी प्रयोगकर्त्याच्या खिशात जाते. हे फार उपयोगी आहे, कारण जागा तीन होतात आणि 'टोपली नाही तर खोका' असा ठोकताळा चालत नाही.

हाताळणीत घोळ होतो तो असा: सॅली 'बाहेर गेली' म्हणून टेबलाच्या कडेला उभीच ठेवतात आणि मुलाला वाटतं तिला सगळं दिसतंय. तिला पूर्ण नजरेआड करा. टोपली-खोक्याला झाकण हवं, दोन्ही अपारदर्शक. डावी-उजवी बाजू निम्म्या मुलांसाठी उलटी. प्रश्न विचारताना तुमची नजर मुलाच्या चेहऱ्यावर असू द्या, खोक्याकडे वळली की उत्तर फुटलं.

मापपट्टी:
५० टक्के म्हणजे तुक्का, हा या क्षेत्रातला नेहमीचा सापळा आहे. १९८३ मध्ये विमर आणि पर्नर यांनी मॅक्सीची गोष्ट (सॅली-ॲनसारखीच, मुलाच्या नकळत वस्तू हलवली जाते) वापरली तेव्हापासून दिसतं ते असं की लहान मुलं नाणेफेक करत नाहीत, ती ठामपणे खऱ्या जागेकडे बोट दाखवतात. २००१ मध्ये वेलमन, क्रॉस आणि वॉटसन यांनी १७८ अभ्यास एकत्र तपासले, त्यातही सर्वांत लहान मुलं तुक्क्याच्या पातळीपेक्षा खालीच होती. तुमचा वयोगट नेमका बदलाच्या उंबरठ्यावरचा आहे. निम्मी मुलं पक्की बरोबर, निम्मी पक्की चूक, आणि सरासरी ५०, असं सहज होऊ शकतं.

एका प्रश्नावरून हे ओळखता येत नाही. प्रत्येक मुलाला दोन जागांच्या, पण वेगळ्या गोष्टींच्या दोन फेऱ्या द्या. सगळेच तुक्का मारत असतील तर २० पैकी साधारण ५ दोन्ही बरोबर, ५ दोन्ही चूक आणि १० मिश्र येतील. ९, ९ आणि २ आले तर तो तुक्का नव्हे, ते दोन गट आहेत. अहवालात सरासरी नको, हे तीन आकडे छापा. शिवाय वय महिन्यांत नोंदवा, 'साडेतीन ते साडेचार' या पट्ट्यात १२ महिन्यांचा फरक लपतो.

तिसरी_खिडकी:
'कळत नाही' असं लिहू नका. 'या चाचणीत खऱ्या जागेचं उत्तर दिलं' एवढंच लिहा. चुकण्याला भाषा, स्मरण आणि समोर दिसणाऱ्या उत्तरावर ताबा ठेवता न येणं, अशी बरीच कारणं असतात. शेवटचं कारण तपासायला झायचिकची १९९०ची फोटोची चाचणी चांगली: बाहुली एका जागी असताना झटपट छापणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा, मग बाहुली हलवायची आणि "फोटोत ती कुठे आहे?" विचारायचं. बांधणी तीच, पण मन कुणाचंच नाही. मूल इथेही चुकलं तर अडचण फक्त मनाच्या आकलनाची म्हणता येत नाही.

निदानासाठी तर ही चाचणी अजिबात नाही. १९८५च्या त्या अभ्यासात स्वमग्नता असलेल्या २० पैकी ४ मुलं उत्तीर्णच झाली होती.

डोळ्यांची चाचणी इथे नको. २००१च्या सुधारित आवृत्तीत ३६ फोटो आणि प्रत्येकी चार शब्द आहेत. ती प्रौढांसाठी आहे, नुसत्या अंदाजाने ९ गुण मिळतात, आणि भाषांतरात ती बरीचशी शब्दसंग्रहाची परीक्षा होऊन बसते. त्यापेक्षा दुसऱ्याचं मन ओळखण्याची वेलमन-लिऊ यांची २००४ची पाच पायऱ्यांची श्रेणी घ्या. दुसऱ्याची आवड आपल्याहून वेगळी असू शकते इथून सुरुवात होते आणि शेवट मनात एक, चेहऱ्यावर दुसरं अशा लपवलेल्या भावनेवर, त्यामुळे सॅली-ॲनला चुकणारं मूलही कुठल्या पायरीवर आहे ते दिसतं.

पाटीपेन्सिल:
आभार! याच २० मुलांना नव्या प्रश्नासह पुन्हा विचारलं तर चालेल?

आडवी_ओळ:
नको. गोष्ट ओळखीची झाली आहे, आणि पुन्हा विचारलं की मुलाला वाटतं मागचं उत्तर चुकलं, ते मुद्दाम बदलतं. नवी मुलं घ्या. पहिल्या फेरीचे आकडे मुख्य निकालात मिसळू नका, 'सापडेल' आणि 'शोधेल'मधला घोळ म्हणून पद्धतीच्या प्रकरणात दोन ओळी लिहा.