परभणीहून रत्नागिरीला बदली झाली, कुलर न्यावा का इथंच ठेवावा?

गोदाकाठ_परभणी

नमस्कार मंडळी. बँकेत आहे, बदलीची ऑर्डर आली, रत्नागिरी. १ जूनला हजर व्हायचंय. मी, बायको, पाच वर्षाची पोरगी अन् आई. आई सत्तरीची, गुडघे दुखतात तिचे. समुद्र आम्ही आयुष्यात एकदाच बघितला, गणपतीपुळ्याला, तेबी डिसेंबरात, तेव्हा हवा एकदम झक्कास होती, त्यामुळं घरचे सगळे म्हणायलेत नशीब काढलंस, इथं भाजून निघण्यापरीस तिथं गारव्याला ऱ्हाशील. मोबाईलवर रोज बघायलोय मी, आज परभणी ४३ अन् रत्नागिरी ३३, म्हणजे दहाचा फरक झाला की. पण आमच्या ब्रँचमधला एकजण तिकडं तीन वर्षं काढून आलाय, तो नुसता हसतो अन् म्हणतो, जा जा, कळंल.

तर विचारायचं असं की नेमकं काय कळणार आहे? पाऊस जास्त आहे हे माहीत आहे, ते सांगू नका. कुलर मोठा लोखंडी आहे, मागच्याच वर्षी घेतलेला, तो न्यावा का? आई तीन पोते ज्वारी बांधून बसलीय, ती न्यावी का? अन् घर बघताना काय बघावं?

नांदेडचा_पाव्हणा

भाऊ, कुलर मेव्हण्याला देऊन टाका, मोकळे व्हा.

मी नांदेडहून गेलो होतो, सहा वर्षं काढली रत्नागिरीत. ट्रकमध्ये सगळ्यात पहिले कुलर चढवला होता मी पण. मे महिना होता, पहिल्याच रात्री पाणी भरलं, नवा वाळा लावला, चालू केला. तासाभरात उशी ओलसर, अंगावरचं बनियन चिकट, अन् खोलीत वास कसला तर भिजलेल्या पोत्याचा. बायको म्हणली बंद करा ते, त्यापेक्षा बाहेर झोपू. नंतर चार वर्षं त्या कुलरवर बादल्या ठेवल्या आम्ही, पाचव्या वर्षी खालचा पत्रा गंजून बादली आत गेली.

कारण साधं आहे. कुलर चालतो तो पाणी उडून जाण्यावर. आपल्याकडं मे महिन्यात हवा इतकी कोरडी की ४२ ची हवा वाळ्यातून गेली की १०-१२ अंश तरी उतरते. तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली, पाणी उडणार कुठं? तीनेक अंश उतरलं तर नशीब, अन् वरून खोलीतली ओल वाढते ती वेगळीच. तुमच्या घामाचंबी तसंच. आपल्याकडं घाम आला की वाळतो, अंगावर मिठाची पांढरी रेघ ऱ्हाते, तिथं घाम येतो अन् येतच ऱ्हातो, वाळत नाही, म्हणून ३३ हा आकडा बघून फसू नका. हवामान खातंसुद्धा उष्णतेची लाट म्हणायला आपल्याकडं किमान ४० धरतं पण किनाऱ्यावर ३७ लाच धरतं, यातच काय ते समजा.

दुसरी एक गोष्ट कुणी सांगत नाही. तिथं सगळ्यात गरम दिवस मेमध्येच येतो असं नाही. शाळेत खारे वारे मतलई वारे पाठ केले होते बघा, ते तिथं खरोखर कळतात. दुपारच्या सुमाराला समुद्रावरून वारं सुटतं अन् जिवात जीव येतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या दिवशी पूर्वेकडून, म्हणजे आपल्याच बाजूनं, कोरडं वारं जोर धरतं, समुद्राचं वारं आत यायला उशीर होतो, त्या दिवशी पारा ३८ च्याबी वर जातो. आमच्या ऑफिसातले लोक मला म्हणायचे, तुमच्या गावचा पाहुणा आला आज.

थंडीचं विचारूच नका. परभणीत जानेवारीत पहाटे हुडहुडी भरती तसलं काही नाही, रात्री १८-१९ म्हणजे तिथली कडाक्याची थंडी, त्यात लोक कानटोप्या घालून फिरतेत. स्वेटर तुमचे ट्रंकेतच ऱ्हातील.

जांभ्याची_पायरी

मी मूळ रत्नागिरीचीच. वरचं सगळं बरोबर आहे, पण पावसाचं सांगू नका म्हणालात तेच मी सांगणार, कारण तुम्हाला जे माहीत आहे तो वेगळा पाऊस.

परभणीत अख्ख्या वर्षात साधारण आठ-नऊशे मिलिमीटर पडतो ना? आमच्याकडे एकटा जुलै हजाराच्या आसपास जातो. वर्षाचा तीन हजारांच्या वर. पण आकड्यांपेक्षा तो पडतो कसा ते बघा. तुमच्याकडे ढग भरून येतात, गडगडाट होतो, वीज पडते, धो धो कोसळतो आणि तासाभरात ऊन. इथे विजा मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला आणि परत ऑक्टोबरात. मधल्या जुलैत आवाज न करता नुसता लागून राहतो, चार दिवस, आठ दिवस, सूर्य नाही. आणि तो वरून पडत नाही, आडवा येतो, नैऋत्येकडून. म्हणून घर बघताना पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना आतून हात लावून बघा. फुगलेला रंग, पोपडे, किंवा कपाट ओढून एखादा कोपरा मुद्दाम झाकलेला दिसला की समजायचं. नवीन रंग दिलेला असेल तर जास्तच संशय घ्यायचा. गच्चीवर पत्र्याची शेड आहे का ते विचारा, नुसत्या स्लॅबखालचा वरचा मजला नको. जमलं तर आधी महिनाभर कुठेतरी तात्पुरते राहा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर घर ठरवा, मेमध्ये सगळीच घरं चांगली दिसतात हो.

आईंसाठी एक महत्त्वाचं. जांभ्याच्या, म्हणजे इथल्या तांबड्या दगडाच्या पायऱ्या आणि अंगणातली फरशी, यांच्यावर जुलैपर्यंत हिरवं शेवाळ धरतं. दिसायला छान, पाय ठेवला की गेलात. तुमच्याकडची काळी माती चपलेला चिकटते, इथे चिखल फारसा नाही, घसरणं आहे. दर आठवड्याला तारेच्या ब्रशने घासून ब्लिचिंग पावडर टाकायची, आणि वापरातल्या पायऱ्यांवर दोरखंडाचं पायपुसणं घालायचं. माझी आत्या तीन पायऱ्यांवरून पडली, मोजून तीन, खुबा मोडला. तळमजलाच बघा.

पावसाळ्याआधीच्या तयारीला आगोटीची तयारी म्हणतो आम्ही, ती मेमध्येच उरकायची. तुम्ही १ जूनला येणार म्हणजे उशीरच झाला वाईच. सात-आठ तारखेपर्यंत पाऊस येतोच बहुतेक, सामान त्याच्या आत लावून घ्या.

मांजराकाठ

आम्ही लातूरवाले हे वाचून नुसते बघायलाव. २०१६ ला आमच्यासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, आन् इथं पाणी भिंतींतून येतंय म्हणून तक्रार 😄 जावा भाऊ, निदान नळाला रोज पाणी बघून या.

जांभ्याची_पायरी

@मांजराकाठ, हसू नका, तेच तर विचारायला सांगणार होते. घरमालकाला स्पष्ट विचारा की एप्रिल-मेमध्ये पाणी किती दिवसांनी येतं आणि विहीर कधी आटते. तीन हजार मिलिमीटर पडून आमच्या जिल्ह्यात मेमध्ये वाड्यावस्त्यांवर टँकर फिरतात. जांभा दगड म्हणजे चाळण, त्यात जमीन उताराची आणि समुद्र पायथ्याशी, पडलेलं पाणी थांबतच नाही. लातूरकरांनी इथे येऊन टाकी साठवायची सवय मोडू नये.

बालाघाटची_लेक

मी बीडची, लग्न होऊन श्रीवर्धनला आलेय, १४ वर्षं झाली. स्वयंपाकघराचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय.

दादा, वहिनींना आधी एक शब्द शिकवा, सादळणं, म्हणजे ओल धरून मऊ पडणं. आपल्याकडं तो शब्द फक्त पापडापुरता होता, इथं मीठ सादळतं, काडेपेटी सादळते, कुरडया, शेवया, बिस्किटं, धूप, सगळं. मिठाच्या बरणीत चार तांदळाचे दाणे टाकायचे. पीठ आठवड्यापुरतंच दळायचं, ज्वारीचं तर लवकरच कुबट होतं अन् भाकरी थापताना कडा फाटते, मी पहिल्या वर्षी रडले होते त्या भाकरीवरून, सासूबाई म्हणाल्या असूदे, तांदळाची कर. तीन पोते आणू नका, जुलैत पोत्याला हात लावला की सोंडे, धान्यातले किडे, बाहेर चालत येतात. मेच्या कडक उन्हात परभणीतच दोन दिवस वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बसतील तेवढीच आणा. बाकी दिवाळीनंतर मागवा.

कपडे वाळणार नाहीत हे ऐकलं असेलच. पोरीच्या शाळेचे युनिफॉर्म दोनाच्या जागी चार घ्या, सुती पेक्षा लवकर वाळणारे. रात्री पंख्याखाली दोरी, सकाळी इस्त्री, तरी वास राहतोच. बुरशी चामड्यावर आधी येते, ह्यांचा लग्नातला पट्टा अन् बूट ऑगस्टमध्ये काढले तर हिरवे मखमली. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, पावसाळ्यात चामड्याचे बूट घालून बँकेत जाऊ नका, रबरी सँडल घाला अन् बूट तिकडंच ठेवा टेबलाखाली.

आता वादळाचं. भीती घालायची नाही पण माहीत पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच पट्ट्यात शिरलं. आपल्या बीडला वावटळ म्हणजे धूळ अन् पत्रे उडणं, मला वाटलं तसंच काहीतरी. दुपारी माडाची झाडं अशी वाकली की शेंडे जमिनीला लागतील, सुपारीच्या बागा अर्ध्या दिवसात आडव्या. मधे थोडा वेळ एकदम शांत झालं, दीर बाहेर निघाला बघायला, सासऱ्यांनी दंड धरून आत ओढला, म्हणाले अजून अर्धं यायचंय. अन् आलंच, उलट्या बाजूनं. लाईट तीन आठवडे नव्हती आमच्याकडं. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते, ते समुद्रातून किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडं गेलं तरी रत्नागिरीला चांगलंच झोडपलं होतं त्यानं. अशी वादळं अरबी समुद्रात पावसाळ्याच्या आधी मे-जूनात अन् नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात, भर जुलैत सहसा नाही. तेवढ्या दिवसांत बॅटरी, मेणबत्त्या, दोन दिवसांचं पाणी भरून ठेवायचं, बास.

नांदेडचा_पाव्हणा

ताईंनी भारी लिहिलं. दोन गोष्टी राहिल्या. गावाकडं ये-जा आंबा घाटातून होईल तुमची, पावसाळ्यात दरड पडली की रस्ता बंद, त्यामुळं जुलैत कुणाचं लग्न-बारसं असंल तर एक दिवस हातचा ठेवून निघा. चिपळूणकडनं जाणार असाल तर पावसाचा अंदाज बघून, तिथं २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं, एस्टी स्टँड बुडाला होता.

अन् मासे खायचे असतील तर जूनमध्ये तोंड आवरा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. समुद्र त्या दिवसांत लांबूनच बघायचा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला रत्नागिरीतल्या मिऱ्याच्या बंधाऱ्यावर लाट आपटली की पाणी रस्त्यावर येतं, पोरीचा हात सोडू नका.

गोदाकाठ_परभणी

एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. बायकोनं बालाघाटच्या ताईंचं दोनदा वाचून घेतलं अन् लगेच डबे मोजायला गेली. तळमजला, पश्चिमेची भिंत अन् मेचं पाणी, एवढं कागदावर लिहून घेतलंय.

कुलर मेव्हणा उद्या न्यायलाय, फुकट म्हणल्यावर आजच यायला तयार होता.

आईला ज्वारीचं सांगितलं. ती म्हणली सोंडे तर इथंबी होतेत, मग काय फेकून देताव का. दोन पोत्यांवर तयार झालीय. अजून १२ दिवस आहेत, एकावर आणतो.