'लोकसंत' की आणखी काही? अडलं आहे 'दिफुन्ता कोर्रेआ'पाशी

तळटीप: स्पॅनिश लेखाचा अनुवाद अडलाय. अर्जेंटिनात सान हुआन प्रांतात बाशेसितो इथे दिफुन्ता कोर्रेआचं ठाणं आहे. आख्यायिका अशी: १८४० च्या सुमाराच्या यादवीत नवऱ्याला धरून नेलं, त्याच्या मागावर ती तान्हं बाळ घेऊन वाळवंटात निघाली आणि तहानेने गेली. बाळ मात्र तिच्या अंगावर पीत जिवंत सापडलं. म्हणून तिला पाण्याच्या भरलेल्या बाटल्या वाहतात. चर्चने तिला संत मानलेलं नाही. अशांना तिकडे 'सान्तो पोपुलार' म्हणतात. 'लोकसंत' लिहिलं तर गाडगेबाबा डोळ्यांपुढे येतात. काय लिहावं?

वसईची वेस: 'संत' नकोच. चर्चच्या मराठीत ते पद आहे. आधी देवाचा सेवक, पुढे धन्यवादित, शेवटी संत. धन्यवादित व्हायला एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो (हुतात्म्याला माफ), संत व्हायला त्यानंतरचा आणखी एक. आमचे वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले, १६२७ ला धन्यवादित झाले आणि संत व्हायला १८६२ उजाडलं. आठव्या अर्बन पोपनी तर १६२५ आणि १६३४ च्या फर्मानांनी मान्यतेआधी तेजोवलय रंगवायला आणि थडग्याशी नवसाच्या वस्तू लावायलाही मनाई केली.

ओवी: तुकोबांना कुठल्या फर्मानाने संत केलं? मराठीत संतपण लोकच देतात. त्या अर्थाने कोर्रेआ संतच.

वसईची वेस: तुकोबांना लोकांनी मानलं ते अभंगांसाठी, आचरणासाठी. कोर्रेआचा उपदेश कुठाय? ती पावते, म्हणून लोक जातात.

मोडी: 'सेंट' आणि 'संत' मुळात एकच आहेत, मग भांडण कशाला?

धातुपाठ: एक नाहीत. 'संत' संस्कृत 'सत्' वरून, 'सन्तः' या अनेकवचनातून आला. 'सेंट' लॅटिन 'सांक्तुस' वरून. सारखेपणा योगायोगाचा. कोकणीतलं 'सांत' मात्र पोर्तुगीजमधून आलंय.

ओवी: 'पावते' हाच धागा धरा. 'नवसाला पावणारी कोर्रेआ'. तिथे नवसाला 'प्रोमेसा' म्हणतात. घर झालं की घराची छोटी प्रतिकृती, गाडी घेतली की नंबरप्लेट. काही जण टेकडीच्या पायऱ्या गुडघ्यांवर चढतात. तिला 'कोब्रादोरा', म्हणजे वसुली करणारी, असंही म्हणतात. मराठीत नवस आणि कर्ज दोन्ही *फेडतात*, त्यामुळे इथे वाक्य आपोआप बसतं. 'प्रतिज्ञा' किंवा 'वचन' लिहिलंत तर ही वसुली हरवेल.

मोडी: गोव्यात 'आंगवण'.

धातुपाठ: गाउचितो हिल हा अर्जेंटिनातलाच दुसरा 'सान्तो पोपुलार', त्याच्या भक्तांना 'प्रोमेसेरो' म्हणतात. त्याला 'नवशे' चपखल आहे, हौशे-नवशे-गवशे मधला. पण 'नवश्या मारुती'त नवश्या देव आहे, भक्त नाही. एकाच परिच्छेदात दोन्ही वापरू नका.

ओवी: ८ जानेवारीला कोर्रिएन्तेस प्रांतात मेर्सेदेसला जमतात तेच ना? रस्त्याकडेला लाल रंगवलेली त्याची छोटी ठाणी, लाल झेंडे, लाल रिबिनी. ड्रायव्हर हॉर्न वाजवून पुढे जातात. त्या ठाण्याला 'घुमटी' लिहा, 'मंदिर' नको.

वसईची वेस: घुमटीत आमच्याकडे क्रूसही असतो. चालेल.

तळटीप: आणि 'दिफुन्ता'? तो तर नावाचाच भाग आहे. 'मयत कोर्रेआ'?

मोडी: मयत पंचनाम्यात. 'कैलासवासी' तर अजिबात नको.

धातुपाठ: भाषांतर करू नका. 'दिफुन्ता कोर्रेआ' तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला 'निवर्तलेली' असा खुलासा द्या.

ओवी: 'निवर्तली' आज किती जण बोलतात? 'गेलेली' लिहा.

धातुपाठ: 'गेलेली कोर्रेआ' म्हटलं तर कुठे गेली, हा पहिला प्रश्न येईल.